मदत हवी आहे: मोलर मास जुळत नाही, उद्या चाचणी

अकरावी_सिडको: सूत्रात टिंब दिलेल्या संयुगाचं मोलर मास (एका मोलचं ग्रॅममधलं वस्तुमान) कसं काढायचं? माझं १८५.५ येतंय, पुस्तकात वेगळंच आहे. नावही लिहायचंय. प्लीज लवकर सांगा.

पंचवटीकर: संयुग कोणतं? पुस्तकातलं उत्तर किती?

कॉलेजरोड_शिकवणी: आधी अणुवस्तुमानं पाठ करा. त्याशिवाय पुढे जाऊच नये.

अकरावी_सिडको: पाठ आहेत हो सर. ते निळे खडे, कॉपर सल्फेट. टिंबानंतर ५ आणि पाणी. उत्तर २४९.५.

निफाड_बागायतदार: मोरचूद म्हणा की. बोर्डोला (पिकावर फवारायचं बुरशीनाशक) १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद आणि १ किलो कळीचा चुना. लोखंडी भांड्यात भिजवू नका, भांड्यावर तांबं चढतं. पण खडे कोरडे असतील तर पाणी धरायचंच कशाला?

पंचवटीकर: काका, तो ओलावा नाही, स्फटिकजल आहे, म्हणजे खड्याच्या रचनेतच बांधलेलं पाणी. पुसून, पंख्याखाली वाळवून जात नाही. परीक्षानळीत तापवलं की पांढरी भुकटी उरते. शेवटचा रेणू तर २०० अंशांच्या पुढेच निघतो. तुमच्या १ किलोत साधारण ३६० ग्रॅम पाणी असतं.

निफाड_बागायतदार: आणि तांबं?

पंचवटीकर: सुमारे २५४ ग्रॅम.
सिडको, १८५.५ मधून नुसत्या कॉपर सल्फेटचे १५९.५ वजा कर, २६ उरतात. म्हणजे ५ नुसत्या हायड्रोजनला लावलास: हायड्रोजन १० + ऑक्सिजन १६. तो ५ पाण्याच्या अख्ख्या रेणूचा आहे. ५ × १८ = ९०. टिंब इथे गुणाकाराचं नाही, ९० मिळवायचे.

कॉलेजरोड_शिकवणी: कॉपरचं अणुवस्तुमान ६३.५५ घ्यावं. काटेकोरपणा हवा.

पंचवटीकर: पुस्तकात २४९.५ आहे म्हणजे ६३.५ च धरलंय. उद्या चाचणी आहे, पोराला गोंधळात टाकू नका.

कॉलेजरोड_शिकवणी: बरं. पण नाव नीट लिहा: कॉपर, कंसात रोमन दोन, सल्फेट पेंटाहायड्रेट (पेंटा म्हणजे ५, हायड्रेट म्हणजे पाणी). कॉपरची संयुजा (अणूची बंध जोडायची क्षमता) १ पण असते, म्हणून तो अंक हवाच.

अकरावी_सिडको: जुळलं!! मग धुण्याचा सोडा, टिंबानंतर १० पाणी, १०६ + १८० = २८६ ना?

पंचवटीकर: बरोबर. सोडियम कार्बोनेट डेकाहायड्रेट. सोडियमला रोमन अंक लावू नकोस, त्याची संयुजा एकच.

निफाड_बागायतदार: बोर्डो तयार झालं की विळ्याचं पातं बुडवून बघा. तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, तसंच फवारलं तर पानं करपतात.