मदत हवी आहे: ३४ लेकरं, एक खोली आणि नाकात गेलेला हरभरा

नमस्कार मंडळी,

बीड जिल्ह्यात बालाघाटाच्या कडेला असलेल्या एका मोठ्या गावात मी बालवाडीचा मोठा गट सांभाळते. पट ३४, वयं साडेचार ते सहा. खोली एकच. मदतीला एक मावशी आहेत, पण त्यांचा निम्मा वेळ शेजारच्या लहान गटातल्या रडणाऱ्या लेकरांत जातो. जूनमध्ये मी बाकं बाहेर काढून सतरंज्या टाकून घेतल्या. तेव्हापासून खाली बसून हाताने काहीबाही करायला जागा होते. पण ऑगस्टमध्ये एक प्रसंग घडला आणि आता सगळं थांबलंय. परत सुरू कसं करावं, यासाठी अनुभवी लोकांचा सल्ला हवाय. जरा सविस्तर लिहिते.

वर्गात पाच वर्षांचा एक मुलगा आहे. शंभरपर्यंत आकडे घडाघडा म्हणतो, घरी पाहुण्यांपुढे म्हणून दाखवतो. जुलैत मी अंड्यांच्या ट्रेचा दहा खड्ड्यांचा तुकडा कापून त्याच्यापुढे ठेवला, शेजारी चिंचोक्यांची वाटी. म्हटलं, प्रत्येक खड्ड्यात एक ठेव आणि मोज. तोंडाने तो वीसवर पोचला तेव्हा हात सहाव्या खड्ड्यावर होता. एका खड्ड्यात तीन, पुढचे दोन कोरडे. "मला पाच चिंचोके दे" म्हटलं तर त्याने मूठभर दिले. आकडे त्याला गाण्यासारखे पाठ होते, पण पाच म्हणजे किती हे हाताला ठाऊकच नव्हतं. मी काही बोलले नाही. रोज दहा मिनिटं तोच तुकडा, तेच चिंचोके. बारा-पंधरा दिवसांनी एकदा नऊ चिंचोके ठेवून तो थांबला, रिकाम्या खड्ड्यात बोट घातलं आणि म्हणाला, "मॅडम, ह्यो एक उपाशी राहिला की." त्या दिवसापासून तो बोट ठेवून मोजतो. इतक्या वर्षांत फळ्यावर लिहून मला हे कधी जमलं नव्हतं.

म्हणून मला हे सोडायचं नाहीये.

आता प्रसंग. ऑगस्टमध्ये मी हरभरा, तूर, मूग आणि शेंगदाणे एकत्र करून निवडायला दिले. एकाच वेळी ३४ जणांना. लेकरं इतकी रमली की खोलीत आवाज नव्हता, आणि मला तेच चांगलं वाटलं. त्यात एका मुलीने हरभऱ्याचा दाणा नाकात घातला. कुणाला बोलली नाही. रात्री घरी नाक दुखायला लागलं तेव्हा दाणा ओला होऊन फुगला होता. डॉक्टरांनी काढला, पोरगी ठीक आहे. दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. ते ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "मॅडम, आम्ही लेकरू तुमच्या भरवशावर सोडतो." चूक माझी होती, मी ती त्यांच्यापुढे आणि संस्थेतही कबूल केली. पण निर्णय असा झाला की दाणे, माती, काड्या सगळं बंद, फक्त वही आणि गिरवणं.

दोन महिने झाले. वह्या भरल्यात, पालक खूश आहेत. पण निम्मी लेकरं पेन्सिल मुठीत धरतात आणि कागद फाटेपर्यंत दाबतात. चार ओळी झाल्या की हात झटकतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये तीन ते आठ वर्षांचा टप्पा पायाभूत धरलाय आणि त्यात खेळातून, हाताळण्यातून शिकणं सांगितलंय, हे मी संस्थेत दाखवलं. उत्तर आलं, "जबाबदारी कोण घेणार?" प्रश्न रास्त आहे.

तर मला सांगा, एका बाईने ३४ जणांत हे बसवायचं कसं? बाकीची लेकरं तेवढा वेळ काय करतील? फुकटात मिळणारं आणि धोका नसलेलं काय वापरता? पाण्याचे खेळ सुचवू नका, आमच्याकडे नळ आठ दिवसांनी येतो. आणि वही कोरी दिसली तर पालकांना काय दाखवायचं?

प्रतिसाद: गोदाकाठ

ताई, मी परभणी जिल्ह्यात अंगणवाडीत आहे. सगळ्यांना एकदम साहित्य देणं आधी बंद करा. सात-आठ जणांचं टोळकं तुमच्यासमोर, बाकीच्यांना अशा वस्तू ज्या मुठीत लपत नाहीत. नारळाच्या करवंट्या, दाणे काढलेली मक्याची कणसं, जुन्या साड्यांच्या चिंध्या घड्या घालायला, खोके रचायला. तिथे तुमची नजर हलली तरी चालतं. टोळकी रोज बदला. एका लेकराची पाळी आठवड्यातून एकदा आली तरी पुरे, पण ती वीस मिनिटं त्याचीच.

आणि तुमच्याकडचा तो अंड्याचा ट्रे! दहा दाणे मोजून द्या आणि उठायच्या आधी दहाही खड्डे भरून परत घ्या. एक खड्डा उपाशी दिसला की जागचं कुणी हलायचं नाही, दाणा सापडेपर्यंत. लेकरूच मोजतं, लेकरूच सांगतं. मी असंच करते. संस्थेला "जबाबदारी कोण घेणार" याचं उत्तर म्हणून हेच करून दाखवा.

ज्वारीच्या धाटाच्या गाड्या करणार असाल तर धाट तुम्ही सोलून द्या. सालाची कड पात्यासारखी कापते. आतला भेंड मऊ असतो, त्यात खराट्याच्या काड्या खोचायला लेकरांना फार आवडतं, आणि बोटांना तीच कसरत.

प्रतिसाद: निवृत्त बाई, अंबाजोगाई

पेन्सिल मुठीत धरतात कारण बोटांत अजून जोर नाही. गिरवून तो येत नाही, पिळून-मळून येतो. काळी माती पोळ्यापुरती ठेवू नका. मळायला तांब्याभर पाणी लागतं, तेवढं पाणी नक्की मिळेल. बैल करा, बैलाची शिंगं करा. शिंग काढायला अंगठा आणि दोन बोटंच लागतात, मूठ चालत नाही. भुईमुगाच्या शेंगा फोडणं, दोरीला कपड्यांचे चिमटे लावणं, हेही त्याच कामाचं. आणि लांब पेन्सिल काढून घ्या. खडूचा पेराएवढा तुकडा द्या. तो मुठीत धरून लिहिताच येत नाही, बोटं आपोआप जागेवर येतात. दिवाळीपर्यंत फरक दिसेल.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी गावात बालशिक्षणाचं काम सुरू केलं तेव्हा महागडी साधनं बाजूला ठेवून गावात मिळेल ते वापरलं, गरज पडली तिथे लेकरांच्या अंगणात जाऊन वर्ग भरवले. अंगणवाडी ही कल्पना त्यातूनच पुढे आली. "माती खेळायला पाठवतो का" असं कुणी म्हटलं तर हे सांगा. पण खरं तर सांगू नका, दाखवा. चार आयांना बोलवा, लेकराशेजारी बसवा आणि त्यांनाही दहा शेंगा फोडून मोजायला लावा. माझ्या वर्गात एक आजी लेकराचं बघून म्हणाल्या होत्या, "हे तर निवडणं-टिपणंच हाय, ह्यात गणित हाय हे मला कुणी सांगितलंच न्हाई." पुढे दर शनिवारी त्या स्वतःहून यायच्या.

प्रतिसाद: कोरडवाहू

मी शेतकरी, मुलगी बालवाडीत आहे. एक कळकळीची विनंती. पेरणीतून उरलेलं बियाणं वर्गात आणू नका. सोयाबीन, सरकी, ज्वारी, कशालाही बुरशीनाशक किंवा कीटकनाशक चोळलेलं असतं. गुलाबी, हिरवा रंग लेकरांना छान दिसतो म्हणून लोक हौसेने देतात. खायचं धान्यच घ्या. गुंजा लाल-काळ्या सुंदर दिसतात, पण भयंकर विषारी. एरंडीच्या बियाही तशाच. बिब्ब्याने अंगावर फोड येतात. बांधावरून आणलेलं सगळं आधी स्वतः बघा.

आणि नाकात दाणा गेलाच तर बोट, चिमटा, काडी काही घालू नका, पाणी-तेल सोडू नका. कडधान्य ओलाव्याने फुगतं आणि अजून अडकतं. लेकराला तोंडाने श्वास घ्यायला सांगून सरळ डॉक्टर गाठा. हे भिंतीवर लिहून लावा, मावशींनाही सांगून ठेवा.

धागाकर्तीचा प्रतिसाद, तीन आठवड्यांनी

सगळ्यांचे मनापासून आभार. गोदाकाठ ताई, तुमचं ऐकून मी संस्थेच्या लोकांना वर्गातच बोलावलं. आठ लेकरं बसवली आणि मुद्दाम एका ट्रेमधला एक चिंचोका माझ्या मुठीत ठेवला. लेकरांनी लगेच पकडलं, "मॅडम, उपाशी, उपाशी!" आठ जणांच्या एका टोळक्याला, फक्त चिंचोके, अशी परवानगी मिळाली आहे. हरभरा मी स्वतःच बाजूला ठेवलाय. त्या मुलीचे वडील परवा स्वतः शेतातून धाटं घेऊन आले, बसून सोलून दिली. मला बोलायला सुचेना.

खडूचे तुकडे सुरू केलेत. अकरा जणांची मूठ सुटली. चिमट्यांची दोरी खिडकीला बांधली आहे, तिथे मात्र सारखी भांडणं होतात, अजून दोन दोऱ्या लावीन.

आता एक नवीनच प्रश्न आहे. दिवाळी झाली की वर्गातली तिघं आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जाणार, पार उन्हाळ्यापर्यंत. आकडे मोजणारा तो मुलगा त्यातलाच एक. त्याच्यासाठी दहा खड्ड्यांचा ट्रे आणि चिंचोके कापडी पिशवीत घालून ठेवलेत. आईला लिहिता-वाचता येत नाही, पण दहापर्यंत ती पक्कं मोजते. उसाच्या फडावर, तिथल्या झोपडीत म्हणजे कोपीत, पाच-सहा महिने टिकेल आणि आईला दमल्या जीवाने दोन मिनिटांत घेता येईल असं त्या पिशवीत अजून काय घालू? कुणी साखर शाळेत किंवा तोडीवरच्या लेकरांबरोबर काम केलं असेल तर जरूर लिहा. त्यांची गाडी पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सुटते.