प्रेक्षकांविना झालेला हंगाम निखळ मानायचा की उणा?

डिचोलीचा प्रशिक्षक:

नमस्कार मंडळी. मी डिचोली तालुक्यात पंधरा वर्षांखालील मुलांना फुटबॉल शिकवतो. आमच्या मैदानावर गेले काही दिवस एक वाद चालू आहे. तो नुसत्या मतांवर सोडून देऊ नये असे वाटले, म्हणून येथे मांडतो. महामारीमुळे इंडियन सुपर लीग या व्यावसायिक फुटबॉल क्लबांच्या स्पर्धेचा २०२०-२१ चा अख्खा हंगाम गोव्यात, फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचे टिळक मैदान या तीनच ठिकाणी, प्रेक्षकांना दारे बंद ठेवून खेळवला गेला. २० नोव्हेंबर २०२० ते १३ मार्च २०२१ या काळात अकरा संघांचे ११५ सामने झाले. फुटबॉल ज्यांच्या अंगात मुरला आहे अशा आपल्या लोकांना मात्र घराजवळ होणारे हे सामने दूरचित्रवाणीवरच पाहावे लागले.

माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याचे म्हणणे असे की, आरडाओरडा नाही आणि पंचावर दडपण नाही, तेव्हा त्या हंगामात जो जिंकला तो केवळ खेळाच्या जोरावर जिंकला. म्हणून तो निकाल इतर कोणत्याही हंगामापेक्षा निखळ आहे. दुसरा पक्ष म्हणतो की, भरल्या मैदानावर पाय न डगमगणे हा व्यावसायिक खेळाडूच्या कसोटीचाच भाग आहे आणि ती कसोटी झालीच नाही, तर विजेतेपद उणेच ठरते. मुले मला विचारतात आणि मला ठाम उत्तर देता येत नाही. प्रेक्षक नसल्याने खेळात नेमके काय बदलले, आणि त्याला काही आधार आहे का?

निवृत्त पंच, फोंडा:

प्रशिक्षक भाई, प्रश्न चांगला आहे. उत्तराची सुरुवात मी पंचापासून करतो, कारण प्रेक्षक नसण्याचा सर्वांत स्पष्ट पुरावा पंचाच्या वागण्यातच सापडला आहे.

२००७ मध्ये इटलीत मैदानावरील हिंसाचारानंतर, सुरक्षेच्या अटी न पाळणाऱ्या मैदानांवर काही काळ प्रेक्षकांना बंदी होती. त्या सामन्यांचा अभ्यास झाला तेव्हा असे दिसले की, भरल्या मैदानावर पंच पाहुण्या संघाला अधिक कडक शिक्षा करतात आणि रिकाम्या मैदानावर तेच पंच हा भेद फारसा करत नाहीत. महामारीत हाच प्रयोग जगभर एकदम झाला. जर्मनीची बुंडेसलीगा १६ मे २०२० रोजी रिकाम्या मैदानांवर पुन्हा सुरू झाली आणि मागोमाग इतर देशांच्या लीग. त्या सामन्यांवर झालेल्या अनेक अभ्यासांत पाहुण्या संघाला जास्त पिवळी कार्डे मिळण्याची जुनी प्रवृत्ती बरीच ओसरलेली आढळली. इंग्लंडच्या प्रीमियर लीगचा २०२०-२१ चा हंगाम जवळजवळ सगळा प्रेक्षकांविना झाला. त्यात पाहुण्या संघांनी १५३ सामने जिंकले आणि यजमानांनी १४४. तिथल्या अव्वल श्रेणीच्या इतिहासात पाहुण्यांचे विजय यजमानांपेक्षा जास्त होण्याची ती पहिलीच वेळ होती. अॅनफिल्डवर वर्षानुवर्षे लीगचा सामना न हरलेला लिव्हरपूल त्याच हंगामात आपल्या मैदानावर लागोपाठ सहा लीग सामने हरला. अर्थात त्यांचे प्रमुख बचावपटू जायबंदी होते, त्यामुळे सगळे खापर रिकाम्या खुर्च्यांवर फोडणे बरोबर नाही.

हे दडपण कसे असते ते बाहेरून कळत नाही. पंच लबाडी करतो असा याचा अर्थ कोणी काढू नये. चेंडू दोघांच्या पायांतून निसटून रेषेबाहेर जातो, शेवटचा स्पर्श कोणाचा हे साहाय्यक पंचालाही नीट दिसलेले नसते, झेंडा क्षणभर हातातच थबकतो, आणि नेमक्या त्याच क्षणी त्याच्या पाठीमागच्या पायऱ्यांवरून 'आमचो, आमचो' असा एकमुखी ओरडा उठतो. जिथे डोळ्याला खात्री नसते तिथे कान मदतीला धावतो. स्वच्छ दिसलेल्या फाऊलवर प्रेक्षकांचा काडीचाही परिणाम होत नाही. परिणाम होतो तो अर्ध्या दिसलेल्या घटनेवर, आणि सामन्यात अशा घटना ढिगाने असतात. तेव्हा पंचगिरीपुरते बोलायचे तर आपल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचे म्हणणे मला मान्य आहे.

परंतु युरोपचे आकडे गोव्याला जसेच्या तसे लावता येणार नाहीत. यजमान संघाला फायदा होतो तो प्रेक्षकांमुळे, प्रवास न करावा लागल्यामुळे आणि मैदान ओळखीचे असल्यामुळे. युरोपात यांपैकी फक्त प्रेक्षक वजा झाले. पाहुणा संघ विमानाने किंवा बसने येतच होता. गोव्यात तर सगळेच संघ हॉटेलांत मुक्कामाला होते, मैदाने वाटून घेतलेली होती, आणि यजमान कोण हे केवळ कागदावर ठरत होते. केरळ ब्लास्टर्सचा 'घरचा' सामना बांबोळीत होत असेल तर घर या गोष्टीला काय अर्थ उरतो? तीन मैदानांवर चार महिन्यांच्या आत ११५ सामने, म्हणजे सरासरी प्रत्येकी अडतीस. त्या गवताचे काय झाले असेल याचाही विचार व्हावा. म्हणून तो हंगाम मी तटस्थ मैदानावरची प्रदीर्घ स्पर्धा मानतो. उणी नव्हे, पण वेगळ्या जातीची.

वास्कोवाली:

मी टिळक मैदानापासून हाकेच्या अंतरावर राहते. पंच भाईंनी मैदानाच्या आतले सांगितले, मला बाहेरचे सांगायचे आहे. त्या हिवाळ्यात संध्याकाळी प्रकाशझोत लागत, आणि गॅलरीत उभे राहिले की प्रशिक्षकांचा आवाज, गोलरक्षकाने बचावपटूंना दिलेल्या सूचना, एवढेच नव्हे तर चेंडूवर बसलेली लाथसुद्धा स्पष्ट ऐकू येत असे. घरात दूरचित्रवाणीवर तोच सामना लावला की त्यात मात्र प्रेक्षकांचा ध्वनिमुद्रित गजर घातलेला असे. गोल झाल्यावर घरातून गर्जना ऐकू येई आणि खिडकीतून चार-पाच खेळाडूंच्या आरोळ्या. तो विसंवाद मला अखेरपर्यंत खटकत राहिला.

हंगाम होऊ शकला तो प्रक्षेपणाच्या आणि प्रायोजकांच्या पैशावर, ही गोष्ट या चर्चेत सुटू नये. सामन्याच्या दिवशी फाटकाबाहेर रस-ऑमलेटचा गाडा लावणारा, चणे-शेंगदाणे विकणारा, जर्सी आणि मफलर टांगून बसणारा, रात्री उशिरा माणसे घरी पोचवणारा मोटारसायकल पायलट, या सर्वांच्या दृष्टीने तो हंगाम झालाच नाही. आमच्या गावागावांतल्या स्पर्धांना ना प्रक्षेपण ना मोठा प्रायोजक. तिथे प्रेक्षक नाही म्हणजे वर्गणी नाही आणि बक्षिसाची रक्कमही नाही. प्रेक्षकांविना तग धरू शकतो तो फक्त वरच्या थरावरचा खेळ. निकाल निखळ की उणा हे ठरवताना, ज्यांना खेळायलाच मिळाले नाही त्या मुलांचा हिशेबही कोणीतरी मांडावा.

डिचोलीचा प्रशिक्षक:

ताई, शेवटचा मुद्दा मनाला लागला, कारण माझ्या गटातील दोन चांगली मुले त्याच काळात खेळ सोडून गेली ती परत आली नाहीत.

पंच भाई, आपले विवेचन पटले, तरी एक शंका राहते. एफसी गोवाने त्या हंगामात साखळीतील वीसपैकी दहा सामने बरोबरीत सोडवले. उपांत्य फेरीत फातोर्ड्याला मुंबई सिटीशी २-२, मग ८ मार्चला बांबोळीत गोलशून्य, आणि शेवटी पेनल्टी शूटआउटमध्ये ६-५ असा पराभव. निर्णायक पेनल्टी मारली ती मुंबईकडून खेळणाऱ्या आपल्याच रॉलिन बोर्जिसने. फातोर्डा खचाखच भरले असते, तर त्या दहा बरोबऱ्यांपैकी दोन-तीन तरी विजयात बदलल्या नसत्या का? एप्रिल २०२१ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळणारा पहिला भारतीय क्लब म्हणून हाच संघ त्याच फातोर्ड्यावर उतरला. अल रय्यान आणि अल वाहदा या पश्चिम आशियाई संघांना गोलशून्य रोखले, बलाढ्य पर्सेपोलिसविरुद्ध एदू बेदियाने पहिला गोल केला, आणि हे सगळे रिकाम्या पायऱ्यांसमोर. गोव्याच्या फुटबॉलमधील एवढा मोठा प्रसंग गोव्याने प्रत्यक्ष पाहिलाच नाही. याची खंत मला आजही आहे, आणि माझ्या 'उणा' या शब्दाचा रोख काहीसा तिकडेच आहे.

बबलमध्ये राहिलेला, काणकोण:

मी २०२१-२२ च्या हंगामात एका संघाच्या बबलमध्ये, म्हणजे बाहेरच्यांशी संपर्क तोडलेल्या हॉटेलात, सेवेला होतो, त्यामुळे थोडे लिहितो. तो हंगामही गोव्यातच झाला. प्रेक्षक नसण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, खेळाडूंना जड गेले ते बंदिस्त राहणे. हॉटेल, बस, मैदान आणि परत हॉटेल. मध्ये आरटी-पीसीआर चाचणी. घरी मूल जन्मले तरी मोबाइलवर पाहायचे. भरल्या मैदानावर हरलेला खेळाडू रात्री घरी जाऊन मन हलके करतो, येथे तो खोलीचे दार लावून बसायचा आणि दुसऱ्या दिवशी नाश्त्याला त्याच चेहऱ्यांसमोर यायचा. जानेवारी २०२२ मध्ये बबलमध्येच संसर्ग शिरला, अनेक संघांत बाधित निघाले, सामने पुढे ढकलावे लागले, आणि काही खेळाडू कित्येक दिवस खोलीबाहेर न पडता थेट सामन्याला उभे राहिले. म्हणून त्या दोन हंगामांतील खेळ पाहून 'हा केवळ प्रेक्षक नसल्याचा परिणाम' असे म्हणणे मला धाडसाचे वाटते.

निवृत्त पंच, फोंडा:

काणकोणच्या बाबने मोलाची भर घातली. तीनऐवजी पाच बदली खेळाडू उतरवण्याची मुभाही त्याच काळातली, तेव्हा कारणे एकमेकांत गुंतलेली आहेत हे खरेच.

प्रशिक्षक भाई, दहा बरोबऱ्यांपैकी किती विजय झाले असते हे कोणालाच सांगता येणार नाही, पण प्रेक्षक निकाल ठरवतात असे मानायचे असेल तर २० मार्च २०२२ चा अंतिम सामना पुन्हा पाहा. फातोर्ड्याची दारे त्या दिवशी उघडली आणि केरळचे हजारो पाठीराखे आत आले. केरळ ब्लास्टर्सने आधी गोल केला. तरीही हैदराबादकडून आपल्या साहिल तावोराने ८८ व्या मिनिटाला बरोबरी साधली आणि शूटआउटमध्ये आपल्याच लक्ष्मीकांत कट्टीमनीने तीन पेनल्टी अडवल्या. बहुतेक मैदान विरोधात असताना. गर्दी पंचाला किंचित झुकवते, यजमानाला थोडे ढकलते, पण तयारीच्या गोलरक्षकाचे काही बिघडवू शकत नाही.

मुलांना सांगायचेच असेल तर त्या रिकाम्या मैदानांवरचे सामने दाखवा. ध्वनिमुद्रित गजराखालूनही मैदानातले बोलणे मधूनमधून ऐकू येते. गोलरक्षक आणि मध्यबचावपटू संपूर्ण नव्वद मिनिटे कसे बोलत असतात, 'मागे माणूस आहे', 'वळ', 'थांबव' हे किती आधी आणि किती मोजक्या शब्दांत सांगतात, हे गर्दीच्या गदारोळात कधी कानावर येत नाही. आपल्याकडची मुले मैदानात गप्प खेळतात, हे मी शिट्टी हातात घेऊन वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. पुढच्या सरावाला बचावफळीतल्या चौघांना केवळ बोलण्याचे काम द्या, आणि काय फरक पडतो ते येथे कळवा.