अक्कलदाढेची मुळं नसेला लागून आहेत. ओरल सर्जन कशावरून निवडायचा?

कोमलनिषाद

नमस्कार मंडळी. खालच्या जबड्यातली माझी उजवी अक्कलदाढ हाडात तिरकी अडकली आहे. दुखत वगैरे काही नाही. दुसऱ्याच दाताच्या रूट कॅनालसाठी ओपीजी (दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे) काढला, त्यात ती दिसली. आमच्या डेंटिस्टनी फिल्म उजेडासमोर धरून दोन गोष्टी दाखवल्या. दाढेच्या डोक्याभोवती काळसर गोल सावली आहे. आणि मुळांची टोकं नसेच्या नळीवर (जबड्याच्या हाडातून नस जाते त्या मार्गावर) येतात तिथे नळीची पांढरी रेघ पुसल्यासारखी झाली आहे. "ही मी काढणार नाही, ओरल अँड मॅक्सिलोफेशियल सर्जनकडेच जा," म्हणजे तोंड-जबड्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्यांकडे, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. त्यांच्याबद्दलचा माझा आदर त्याने वाढलाच.

प्रश्न असा की मी बासरी वाजवते आणि शिकवते. भोकाच्या कडेवर खालचा ओठ किती टेकलाय, किती वळलाय, हे डोळ्यांना दिसत नाही, ते ओठालाच कळतं. मंद्रातून तार सप्तकात जाताना तो केसभर सरकतो, आणि ते सरकणं जाणवलं नाही तर सूर लागणार नाही. नस दुखावली तर ओठ बधिर होऊ शकतो हे ऐकल्यापासून जिवाला घोर लागलाय.

एका सर्जनना भेटले. त्यांनी ओपीजीवर ओझरती नजर टाकली आणि थेट तारीख दिली. बधिरपणाचं विचारलं तर "काही होत नाही हो" म्हणाले. मन मानेना. माणूस योग्य आहे हे ओळखायचं कसं? ऑनलाइन रेटिंग बघू का?

पाऊलवाट

रेटिंगवर जाऊ नका. तिथे लोक वेळेत नंबर लागला का, रिसेप्शनवरचे नीट बोलले का, हेच लिहितात. माझ्या भावाचा जबडा अपघातात मोडला होता, तेव्हा आम्ही एका मोठ्या रुग्णालयाच्या या विभागात गेलो. त्या डॉक्टरांनी कागदावर जबडा काढून प्लेट कुठे बसणार, स्क्रू दातांच्या मुळांपासून लांब कसे ठेवणार, सगळं दाखवलं. आई घाबरून तेच तेच विचारत होती, तरी प्रत्येक वेळी उत्तर दिलं. तुम्हाला "काही होत नाही" हे उत्तर मिळालं असेल तर दुसरं मत घ्याच.

शल्यकर्मी

मी याच शाखेत काम करते. उत्तर लांबेल, पण तुमच्या बाबतीत ते लांबायलाच हवं.

आधी एक दिलासा. या नळीतली नस फक्त संवेदनेची आहे. खालचा ओठ आणि हनुवटी तिच्यावर चालते, पण ओठ हलवणारे स्नायू वेगळ्या नसेवर असतात. म्हणजे इजा झालीच तर ओठ लोंबत नाही, वळतोही नीट, पण त्याला स्पर्श कळत नाही किंवा मुंग्या येत राहतात. बहुतेकांचं हे काही आठवड्यांत, महिन्यांत भरून येतं, थोड्यांचं कायम राहतं. तुमच्या कामात ही जोखीम इतरांपेक्षा मोठी आहे. म्हणून बासरीचा उल्लेख पहिल्या दोन मिनिटांत करा आणि समोरचा त्यावर काय विचारतो ते बघा.

पांढरी रेघ तुटलेली दिसणं हे जुनं, ओळखीचं लक्षण आहे. रूड आणि शेहाब या संशोधकांनी १९९० मध्ये अशी लक्षणं तपासून मांडली. मूळ नळीवर काळपट दिसणं आणि नळीने वळण घेणं हीसुद्धा त्यातलीच. अशी खूण दिसली की मी ओपीजीवर थांबत नाही, कोन बीम स्कॅन (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे) मागवते. ओपीजी सपाट असतो. नस मुळाच्या गालाकडच्या बाजूला आहे की जिभेकडच्या, मध्ये हाडाचा पापुद्रा आहे की नाही, हे त्यात कळत नाही. सर्जनना विचारा, "स्कॅन बघून तुमचा बेत बदलेल का?" नीट उत्तर देणारा माणूस स्क्रीनवर बोट ठेवून सांगतो.

दुसरं, कोरोनेक्टॉमीबद्दल विचारा. यात दाढेचं डोकं कापून काढतात आणि नसेजवळची मुळं मुद्दाम हाडातच ठेवतात. हा मार्ग १९८४ पासून माहीत आहे. तो सगळ्यांना चालत नाही: मुळांना संसर्ग असेल, मुळं हलत असतील किंवा दाढ नसेच्या रेषेत आडवी झोपली असेल तर टाळतात. पुढे मुळं वर सरकली तर ती काढावीही लागतात. तुमच्या त्या सावलीमुळेही निर्णय बदलू शकतो. पण हा पर्याय समोर ठेवून तो का घ्यायचा किंवा का नाही हे सांगणारा सर्जन तुम्हाला हवाय.

आता ती सावली. न उगवलेल्या दाताच्या डोक्याभोवती एक पातळ पिशवी असतेच. ती रुंद दिसली की सिस्टचा, म्हणजे द्रव भरलेल्या गाठीचा, संशय येतो. काढलेली पिशवी पॅथॉलॉजीला पाठवणार का, हे आधीच विचारून ठेवा. नुसत्या फिल्मवरून सिस्ट कुठली हे पक्कं सांगता येत नाही, वेगळ्या गाठीही अशाच दिसू शकतात.

पदवीचं म्हणाल तर नियम देशागणिक बदलतात. काही देशांत दंतवैद्यक आणि वैद्यक अशा दोन्ही पदव्या लागतात, काही ठिकाणी दंतवैद्यकानंतर रुग्णालयातलं काही वर्षांचं प्रशिक्षण. नोंदणी परिषदेच्या यादीत या शाखेचं नाव आहे का ते पाहा. इम्प्लांटचा छोटा कोर्स म्हणजे हे प्रशिक्षण नव्हे.

आणि शस्त्रक्रियेच्या आधी ओठाची संवेदना तपासून कागदावर नोंदवून घ्या. कापसाचा स्पर्श, टोकदार वस्तूची टोचणी, आणि दोन टोकं किती अंतरावर वेगवेगळी जाणवतात ते. नंतर तक्रार आली तर तुलना करायला काहीतरी हातात हवं. जिभेची नस दाढेच्या आतल्या बाजूने जाते आणि या स्कॅनमध्येही दिसत नाही, तिच्याबद्दलही विचारा.

आभाळ

एक भर घालते. घेत असलेली सगळी औषधं आधीच सांगा. माझ्या आईला हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळ्या चालू होत्या. त्या औषधांनी कधीकधी दात काढल्यावर जबड्याचं हाड भरत नाही, म्हणून सर्जननी तिच्या डॉक्टरांशी बोलून मगच ठरवलं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्याही स्वतःच्या मनाने बंद करू नयेत.

कोमलनिषाद

सर्वांचे मनापासून आभार. शल्यकर्मीताई, नस हलवणारी नाही, कळवणारी आहे, हे मला अजून कुणीच सांगितलं नव्हतं. आता स्कॅनचं विचारूनच नवीन ठिकाणी वेळ घेतली आहे. दोन शंका आहेत. काही महिन्यांनी कार्यक्रम आहे, दुखत नाही म्हणून तोपर्यंत थांबू का? आणि नंतर बासरी कधी हातात घ्यायची?

शल्यकर्मी

स्कॅनसाठी आणि दुसऱ्या मतासाठी काही आठवडे गेले तर हरकत नाही. कार्यक्रमापर्यंत थांबायचं की नाही हे मात्र स्कॅन पाहून सर्जननाच ठरवू द्या. सिस्ट न दुखता वाढते आणि आतून हाड पोकळ करत जाते. मधल्या काळात ओठाला मुंग्या आल्या, तोंड उघडेनासं झालं किंवा दाढेपाशी सूज आली तर लगेच दाखवा. जबड्याखाली सूज येऊन गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर थेट आपत्कालीन विभाग गाठा, वेळ घेऊन जायची वाट पाहू नका.

बासरीचं: सूज साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. खड्ड्यातली रक्ताची गुठळी टिकणं महत्त्वाचं, ती निघून गेली तर तिसऱ्या दिवसाच्या आसपास जोरात ठणका लागतो. टाके असेपर्यंत फुंक बंद ठेवा. मग सर्जननी जखम पाहून हो म्हटलं की आधी मंद्रातले लांब स्वर, थोडाच वेळ. दुखलं, ताण आला किंवा रक्ताची चव लागली की बासरी खाली ठेवा.