पहिला पगार, शैक्षणिक कर्ज आणि काकांची पॉलिसी

मांजराकाठ:
सर्वांना नमस्कार. लातूरला पदवी पूर्ण करून मी जुलैपासून पुण्यात नोकरीला लागले आहे. नेमणुकीच्या पत्रात वर्षाला ३,६०,००० रुपये लिहिलेले असल्यामुळे घरी सर्वांनी महिना तीस हजारांचा हिशेब धरला होता. प्रत्यक्षात खात्यावर २५,४७९ रुपये जमा झाले. कॉट बेसिसवरची जागा आणि खानावळ यांत साडेदहा हजार जातात, पाच हजार घरी पाठवते. शैक्षणिक कर्जाची मुद्दल चार लाख असून दर साडेनऊ टक्के आहे; हप्ता पुढच्या जूनपासून सुरू होईल. त्यातच नात्यातले एक काका ‘कर वाचेल’ म्हणून वर्षाला २४,००० रुपयांची पॉलिसी घेण्याचा आग्रह करत आहेत. मी सुरुवात कशापासून करावी?

खातेवही:
आधी पगाराची स्लिप नीट वाचा. आकड्यांवरून तुमचे मूळ वेतन १५,००० असावे. त्यावरचा कंपनीचा पीएफचा (भविष्य निर्वाह निधीचा) १,८०० रुपयांचा वाटा आणि ग्रॅच्युइटीचे (नोकरी सोडताना मिळणाऱ्या सेवा-उपदानाचे) ७२१ रुपये ‘सीटीसी’तच, म्हणजे कंपनीला तुमच्यावर होणाऱ्या एकूण खर्चातच धरलेले असतात, राहिलेल्या २७,४७९ रुपयांमधून तुमच्या वाट्याचे १,८०० आणि व्यवसाय कराचे २०० वजा केले की नेमका तुमचाच आकडा येतो. फेब्रुवारीत व्यवसाय कर ३०० रुपये कापला जाईल, तेव्हा घाबरू नका. नोकरी बदललीत तरी यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) तोच ठेवा आणि पीएफ मोडू नका. मी पहिली नोकरी सोडल्यावर तो काढून घेतला, याची हळहळ मला आजही वाटते.

बार्शीकर:
मी बँकेच्या कर्ज विभागात अकरा वर्षे काम केले आहे, म्हणून कळकळीने सांगतो. हप्ता सुरू झाला नसला तरी व्याज थांबलेले नाही. चार लाखांवर महिन्याला सुमारे ३,१६७ रुपये व्याज चढते आहे; ते भरले नाही, तर हप्ता सुरू होण्याआधीचा सवलतीचा काळ संपल्यावर मुद्दलात मिळवले जाते आणि मग व्याजावरही व्याज लागते. शाखेतून कर्जखात्याचा उतारा घ्या, शिक्षणाच्या काळात किती व्याज साचले आहे ते पाहा आणि निदान चालू महिन्याचे व्याज तरी भरत चला. पॉलिसीचे म्हणाल, तर नव्या करप्रणालीत तुमच्या पगारावर आयकरच बसत नाही. जो कर लागूच नाही, तो वाचवण्यासाठी महिना दोन हजार अडकवू नयेत.

खातेवही:
बार्शीकरांचे म्हणणे पटते, तरी एक भर घालतो. तुमचा प्रोबेशनचा काळ संपेपर्यंत निदान एका महिन्याचा खर्च बचत खात्यात बाजूला पडू द्या. अडीनडीला क्रेडिट कार्ड वापरावे लागले आणि त्यावर फक्त किमान रक्कम भरत गेले, तर त्याचे व्याज शैक्षणिक कर्जाच्या कितीतरी पट होते.

मांजराकाठ:
स्लिपवर मूळ वेतन १५,०००च आहे. घरी पाठवायचे पैसे, जागा, खानावळ आणि व्याज वजा जाता ६,८१२ रुपये उरतात. त्यांतले तीन हजार पगाराच्या दिवशीच बाजूला काढीन. शाखा लातूरला असल्यामुळे बाबा सोमवारी जाऊन उतारा आणणार आहेत. काकांना नकार मात्र मी स्वतःच फोन करून कळवते. तो बाबांवर सोडणे बरे नाही.