प्रभारी मुख्याध्यापकांचं काय?
‘मुख्याध्यापकांना वर्षाला ५० तासांचं प्रशिक्षण द्या’ हे मत मांडलं जातं, ते पटतं. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तेच आहे. पण छोट्या शाळेत मुख्याध्यापक असतो कुठे? शिक्षण हक्क कायद्याच्या निकषांत पहिली ते पाचवीला हे पद विद्यार्थ्यांचा पट १५०च्या वर असेल तरच येतं. आमच्यासारख्या द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत ज्येष्ठ शिक्षकाकडे नुसता प्रभार.

माझ्याकडे तो आला तेव्हा कपाटाची किल्ली, पोषण आहाराची नोंदवही आणि यू-डायसचा (शाळेची माहिती ऑनलाइन भरायच्या सरकारी प्रणालीचा) पासवर्ड मिळाला, बस्स. सहकाऱ्याचा तास कसा पाहायचा, त्याला न दुखावता काय सांगायचं, हे शिकवलं शेजारच्या शाळेतल्या निवृत्तीला टेकलेल्या बाईंनी, शिक्षण परिषद, म्हणजे परिसरातल्या शाळांच्या शिक्षकांची बैठक, संपल्यावर मुद्दाम थांबून. अशा अनुभवी मुख्याध्यापकाशी नव्या प्रभारीला निदान वर्षभर जोडून द्या, ही मागणी मला प्रशिक्षणाच्या ५० तासांच्या आधीची वाटते.