चार सर्व्हरवर रात्रीची कामं वाटायची आहेत – झूकीपर, एटसीडी (मशीनांत समन्वय ठेवणाऱ्या सेवा) की आणखी काही?

घाटमाथा
नमस्कार मंडळी. आमची लहान कंपनी पतसंस्थांचं सॉफ्टवेअर सांभाळते. रोज रात्री प्रत्येक संस्थेचा डे-एंड (दिवसाचा हिशेब बंद) करायचा, व्याज लावायचं, पिग्मी एजंटांचे अहवाल काढायचे आणि सभासदांना एसएमएस पाठवायचे. साधारण ७० संस्था आहेत आणि चार व्हर्च्युअल मशीन. सध्या कुठल्या मशीनवर कुठल्या संस्था, ही यादी हाताने लिहून क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी काम सुरू करणारी सोय) टाकलेली आहे. एखादं मशीन रात्री बसलं की त्याच्या वाट्याच्या संस्थांचा डे-एंड राहतो. सकाळी शाखा उघडली की कॅशियरला नवीन दिवस सुरू करता येत नाही आणि आमचे फोन वाजायला लागतात.

हवंय ते असं: एक मशीन गेलं तर त्याचं काम बाकीच्यांनी आपणहून उचलावं आणि एका संस्थेचं काम दोन मशीननी एकाच वेळी करू नये, कारण व्याज दोनदा लागलं तर निस्तरणं महाकठीण. सगळं पायथनमध्ये आहे. सामायिक डेटाबेस नाही, प्रत्येक संस्थेचा वेगळा एसक्यूएल सर्व्हर आहे. सर्व्हर बघायला मी आणि एक सहकारी, दोघंच. महिन्याला वरचा खर्च ५ हजार रुपयांच्या आत बसवायचा आहे. अनुभवी लोकांनी सांगावं.

निळूभाऊ
सरळ कुबरनेटीसवर (अनेक मशीनांवर प्रोग्राम वाटून चालवणारी यंत्रणा) जा. क्रॉनजॉब तयारच मिळतो, मशीन पडलं की पॉड (चालणारा प्रोग्राम) दुसरीकडे उभा राहतो. आम्ही सगळं मॅनेज्ड क्लस्टरवर नेलंय आणि तेव्हापासून रात्री निवांत झोपतो. ५ हजारात होणार नाही, पण मालकाला नीट समजावून सांगा. पैसे टाकल्याशिवाय झोप मिळत नाही.

स्किपलॉक्ड_समर्थक
तुम्हाला समन्वय सेवा नकोच आहे. पोस्टग्रेसमध्ये कामांचं एक टेबल करा आणि प्रत्येक वर्करने 'सिलेक्ट फॉर अपडेट स्किप लॉक्ड' करून एक ओळ उचलावी. ९.५ पासून ही सोय आहे, म्हणजे २०१६ पासून. दुसऱ्याने धरलेली ओळ आपोआप वगळली जाते, वर्कर मेला की व्यवहार गुंडाळला जातो आणि ओळ मोकळी होते. आमच्याकडे पावत्यांचं सगळं काम यावरच चालतं.

घाटमाथा
@स्किपलॉक्ड_समर्थक, कल्पना आवडली. पण पोस्टग्रेस एका मशीनवर ठेवलं आणि नेमकं तेच मशीन बसलं तर? मग त्याची रेप्लिका (दुसरी प्रत) आणि फेलओव्हर (पडलं की तिच्याकडे वळणं) आलं, म्हणजे प्रश्न जिथल्या तिथे.

स्किपलॉक्ड_समर्थक
आमचं पोस्टग्रेस कधी पडलेलं नाही.

बे_एरियातला_बंडू
एटसीडी घ्या. २०१३ मध्ये कोअरओएसने आणलं, राफ्टवर (नोडांत बहुमताने एकमत ठरवण्याची पद्धत) चालतं, आज बहुतेक कुबरनेटीसच्या पोटात तेच असतं. गो भाषेतली एकच बायनरी, जावाची कटकट नाही. लीज (मुदतीचा ताबा) घ्या, लीजला 'की' (नावाची नोंद) बांधा. मशीन मेलं की लीज संपते आणि की उडते. आम्ही इथे तीन झोनमध्ये पाच नोड चालवतो, एक अख्खा झोन गेला तरी ग्राहकाला पत्ता लागत नाही. तुम्हीही पाचच ठेवा, तीनवर समाधान मानू नका.

सर्व्हरवाली
बंडूदादा, त्यांचं बजेट वाचा. पाच नोड कुठून आणतील?

घाटमाथा, तुमच्या कामाला झूकीपर, एटसीडी, कॉन्सल तिन्ही चालतील. झूकीपरमधली वाट अशी. प्रत्येक मशीन एक सेशन (झूकीपरशी चालू जोडणी) उघडतं आणि 'इफेमेरल' नोड (सेशनपुरती टिकणारी नोंद) तयार करतं. सेशन संपलं की नोड आपोआप पुसला जातो. हा नोड म्हणजेच मशीनची हजेरी. लॉक हवं असेल तर इफेमेरल आणि क्रमांकित नोड करायचा: सर्वात लहान क्रमांक ज्याचा त्याचं लॉक, आणि बाकीच्यांनी फक्त आपल्या लगेच आधीच्या नोडवर वॉच (बदल झाला की कळवण्याची सोय) ठेवायचा. सगळ्यांनी पहिल्याच नोडवर वॉच ठेवला तर लॉक सुटताक्षणी सगळे एकदम धावून येतात. पायथनसाठी काझू लायब्ररी आहे, त्यात हे लॉक तयार आहे. कामं सभासदांत वाटणारा 'सेटपार्टिशनर'ही आहे.

पण तीन छोटी मशीन वेगळी घ्या. रात्रीच्या जड कामांबरोबर झूकीपर ठेवू नका. प्रत्येक लेखन डिस्कवर पक्कं झाल्यावरच ते होकार देतं. त्याच डिस्कवर अहवालांच्या पीडीएफ धडाधड पडत असतील तर हार्टबीट ('मी जिवंत आहे' असे निरोप) उशिरा पोचतात, सेशन तुटतात.

आणि चार मशीनवर चार झूकीपर असा मोह नको. तिघांत बहुमत दोनचं, चौघांत तीनचं. दोन्हीकडे एकच मशीन गेलेलं चालतं.

खडकवासला
लोक अजून झूकीपर सुचवतायत? काफ्कानेसुद्धा (संदेश वाहून नेणारी यंत्रणा) ते सोडलं. मार्च २०२५ च्या ४.० आवृत्तीत झूकीपर पूर्ण बाहेर, आता त्यांचं स्वतःचं केराफ्ट.

सर्व्हरवाली
काफ्काने सोडलं ते शेजारी दुसरी यंत्रणा सांभाळायला लागू नये आणि लाखो पार्टिशनांचा मेटाडेटा पेलावा म्हणून. इथे ७० संस्था आहेत. एचबेस हा डेटाबेस अजून झूकीपरवरच चालतो.

वाचनवेडा_प्रोग्रामर
झूकीपर म्हणजे गूगलच्या चबीचीच मुक्त आवृत्ती ना? चबीचा निबंध २००६ चा. म्हणजे मूळ कल्पना वीस वर्षं जुनी.

कोरडी_विहीर
नाही. चबी ही लॉक सेवा आहे. याहूमध्ये घडलेल्या झूकीपरने मुद्दाम लॉक दिलंच नाही. नोड, क्रम आणि वॉच एवढे सुटे भाग दिले, लॉक तुम्ही त्यातून बांधायचं. २०१० च्या निबंधात हे स्पष्ट लिहिलंय. आतला प्रोटोकॉलही पॅक्सोस (एकमत ठरवण्याची जुनी पद्धत) नसून झॅब आहे.

वाचनवेडा_प्रोग्रामर
झॅब आणि पॅक्सोस मुळात एकाच घरातले.

कोरडी_विहीर
बहुमत दोघांत आहे एवढंच. झॅबमध्ये एका लीडरने पाठवलेल्या बदलांचा क्रम जसाच्या तसा राखला जातो, त्याच्यावरच तर सगळी इमारत उभी आहे. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर लिहितो.

मुळशीकर
एवढा खटाटोप कशाला? रेडिसमध्ये (मेमरीत चालणारा डेटाबेस) 'सेट एनएक्स' (आधी नसेल तरच लिही) करा आणि ३० सेकंदांची मुदत द्या. झालं लॉक. आमच्याकडे कूपन वाटायला हेच वापरतो, काडीचा त्रास नाही.

सर्व्हरवाली
कूपन दोनदा गेलं तर दहा-वीस रुपये जातात. इथे लोकांच्या ठेवीवरचं व्याज आहे. मशीन ३० सेकंदांहून जास्त थिजलं, आणि व्हर्च्युअल मशीनचा स्नॅपशॉट घेताना असं होतं, की मुदत संपते, दुसरा लॉक घेतो आणि पहिला जागा होऊन तिथूनच पुढे लिहायला लागतो. त्याच्या लेखी लॉक अजून त्याचंच असतं. मार्टिन क्लेपमन यांनी २०१६ मध्ये रेडलॉकवर (रेडिसवरची लॉकची पद्धत) हाच आक्षेप घेतला होता. रेडिसच्या कर्त्यांनी त्याला उत्तरही दिलं, दोन्ही बाजू वाचाच.

आणि हे झूकीपरलाही चुकलेलं नाही. म्हणून लॉकबरोबर चढता क्रमांक घ्यायचा, झूकीपरमध्ये लॉक-नोडचा सीझेडएक्सआयडी, एटसीडीत रिव्हिजन. लिहिताना तो क्रमांक डेटाबेसला द्यायचा. डेटाबेसने याहून मोठा क्रमांक आधी पाहिला असेल तर लेखन नाकारायचं. घाटमाथा, बाकी काही केलं नाहीत तरी हे करा.

पुणेरी_देवऑप्स
कुणी स्किप लॉक्ड सुचवलं का? पोस्टग्रेसमध्ये कामांचं टेबल करा, झकास चालतं.

स्किपलॉक्ड_समर्थक
+१

तासगावचा_बाळू
विषय निघालाच आहे तर विचारतो. संस्थांचे एसएमएस पाठवता म्हणालात, तर डीएलटीवर (व्यावसायिक एसएमएसची नोंदणी व्यवस्था) टेम्प्लेट संस्थेच्या नावाने मंजूर करून घेता की तुमच्या? आमचं टेम्प्लेट सारखं नाकारलं जातंय, नाकारण्याचं कारणही धड कळत नाही.

घाटमाथा
बाळूभाऊ, संस्थेच्याच नावाने. हेडर त्यांचं, नोंदणी त्यांची. टेम्प्लेटमध्ये जिथे रक्कम आणि खाते क्रमांक येतो ती जागा व्हेरिएबल म्हणूनच दाखवा. बाकी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

रात्रपाळी
झूकीपर घेणार असाल तर ऑटोपर्ज चालू करा. ही सूचना मोठ्या अक्षरात छापून भिंतीवर लावावी अशी आहे. जुने स्नॅपशॉट आणि लॉग ते आपणहून पुसत नाही, 'पर्जइंटरव्हल' मुळात शून्य असतो. मी आधी जिथे होतो तिथे तिन्ही नोड एकाच दिवशी उभे केलेले, त्यामुळे तिघांच्या डिस्क एकाच रात्री भरल्या. बहुमत गेलं, सगळं ठप्प. वरिष्ठांनी आधी नेटवर्कवाल्यांना झापलं, मग आम्हाला. डिस्ककडे पहाटेपर्यंत कुणी बघितलंच नाही. त्या बिचाऱ्या नेटवर्कवाल्यांची माफीही कुणी मागितली नाही.

बे_एरियातला_बंडू
म्हणूनच एटसीडी.

रात्रपाळी
एटसीडीचा डेटाबेस मुळातल्या २ जीबी मर्यादेला टेकला की तेही लेखन बंद करतं. कॉम्पॅक्शन आणि डीफ्रॅग (जुन्या नोंदी काढून जागा मोकळी) करून अलार्म हाताने उतरवावा लागतो. देखभाल कुणालाच चुकत नाही, दादा.

निळूभाऊ
मॅनेज्ड घ्या म्हणून पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं.

कावेरी_क
उशिरा आले, पण धागा पूर्ण वाचला. प्रत्येक संस्थेचा एसक्यूएल सर्व्हर वेगळा आहे, ही अडचण नसून सोय आहे असं मला वाटतं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये 'एसपी गेटॲपलॉक' आहे. मशीनने संस्थेच्या डेटाबेसला जोडायचं आणि 'डे-एंड' नावाचं सेशन लॉक मागायचं, वाट न बघता. मिळालं तर काम करायचं, नाही तर पुढच्या संस्थेकडे जायचं. जोडणी तुटली की लॉक सुटतं. चारही मशीननी यादी वेगवेगळ्या क्रमाने फिरवली की काम आपोआप वाटलं जाईल. नवं काही बसवायला नको, खर्च शून्य. ज्या डेटाबेसचं लॉक तोच पडला असेल तर तसंही त्या संस्थेचं काम होणार नव्हतंच.

आणि लॉक कुठलंही घ्या, डे-एंडच्या टेबलात तारखेवर युनिक अट हवीच. व्याजाच्या नोंदी आणि ती तारखेची ओळ एकाच व्यवहारात लिहा. मग दोन मशीन घुसली तरी दुसऱ्याचा सगळा व्यवहार परत फिरेल. लॉकने फुकटची मेहनत वाचते, व्याज दोनदा लागू न देण्याची हमी या अटीतून येते. एसएमएसला मात्र ही हमी मिळत नाही: गेटवेकडे गेला आणि 'पाठवला' अशी नोंद करण्याआधी मशीन मेलं, तर पुन्हा जाणार किंवा मुळीच जाणार नाही. यातलं काय चालेल ते संस्थेला विचारून ठरवा.

कोरडी_विहीर
कावेरीताईंचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वात कामाचा.

मुळशीकर
रेडिसमध्येही युनिक की असतेच.

घाटमाथा
सगळ्यांचे मनापासून आभार. सहकाऱ्याबरोबर बसून ठरवलंय.

झूकीपर घेतोय, तीन नोड, आहे त्याच चारपैकी तीन मशीनवर. सर्व्हरवालीताई, वेगळी मशीन बजेटमध्ये बसतात, पण दोघांनी सात मशीन सांभाळायची म्हणजे आणखी तीन ठिकाणचे अपडेट आणि बॅकअप. त्याऐवजी झूकीपरच्या लॉगसाठी प्रत्येक मशीनला वेगळी छोटी एसएसडी जोडतोय. चारही व्हर्च्युअल मशीन एकाच भौतिक सर्व्हरवर नाहीत हे होस्टिंगवाल्याकडून लेखी मागवलंय.

कावेरीताई, तुमची युनिक अट आजच टाकली, क्रमांकाचा रकानाही टाकला. ॲपलॉकवर मात्र आमचं अडतं. निम्म्या संस्थांचे डेटाबेस त्यांच्या मुख्य कार्यालयात आहेत आणि तालुक्याच्या गावात लाईन रात्री दोन-तीनदा हमखास तुटते. प्रत्येक तुटीला लॉक सुटणार, दुसरं मशीन आत शिरणार, अहवाल पहिल्यापासून काढणार. लॉक आमच्या डेटासेंटरमध्ये असेल तर लाईन परत येईपर्यंत तेच मशीन थांबून राहील. शिवाय रात्री दोन वाजता कुठली संस्था कुठल्या मशीनवर आहे ते एका जागी दिसायला हवंय.

सेटपार्टिशनर वापरत नाही. तो यादी सारख्या वाट्यांत कापतो, आणि आमच्याकडे एका संस्थेला चार मिनिटं लागतात तर एकीला दीड तास. प्रत्येक मशीन एकेक मोकळी संस्था उचलेल, मोठ्या संस्था आधी.

सर्व्हरवाली
मला अजूनही एकाच मशीनवर ठेवणं पटत नाही, पण वेगळी डिस्क घेताय हे चांगलं. मग दोन गोष्टी सांभाळा. सेशनची मुदत दोन मिनिटं मागितलीत तरी मिळणार नाही. टिकटाइम (झूकीपरचं वेळेचं मूळ एकक) २ सेकंदांचा असेल तर कमाल मुदत ४० सेकंद, सर्व्हर गुपचूप तेवढीच देतो. आणि काझूने 'सस्पेंडेड' (संपर्क तुटला) कळवलं की तिथेच हात थांबवा, 'लॉस्ट'ची (सेशन संपलं) वाट बघू नका. संपर्क तुटलेला असेपर्यंत सेशन संपल्याचं क्लायंटला कळतच नाही.

कावेरी_क
लाईन तुटली तर व्याजाचा व्यवहारही तुटणारच आहे, लॉक कुठेही असो. मी तुमच्या जागी असते तर अहवाल वेगळे काढून आधी ॲपलॉकच करून बघितलं असतं. पण लाईन रोज तुम्ही बघता, मी नाही.

रात्रपाळी
ऑटोपर्ज?

घाटमाथा
चालू केलंय. तीन स्नॅपशॉट ठेवून बाकीचे रोज पुसले जातील.

रात्रपाळी
उत्तम. आणि ३.५ पासून झूकीपर ८०८० पोर्टवर स्वतःचा ॲडमिन सर्व्हर उघडतं. तुमचं काही त्या पोर्टवर चालत असेल तर आधीच बदला.

घाटमाथा
अहवालाचा सर्व्हर ८०८० वरच आहे! बदलतो.

तासगावचा_बाळू
घाटमाथा, व्यनि आला नाही अजून.