एनेबल, स्टार्ट, मास्क : सगळ्याला 'चालू-बंद'च म्हणायचं का?

जळगावकर : मंडळी, एक शब्द अडलाय. परवा संध्याकाळी लाइट गेली, यूपीएसनं थोड्या वेळात मान टाकली, लाइट आल्यावर जिनिंगमधल्या वजनकाट्याचं लिनक्स मशीन उठलं पण डेटाबेस काही उठेना, बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग आणि मी आत घामाघूम. कारण काय, तर मागे मी फोनवर तिथल्या पोराला सांगितलं होतं 'सर्व्हिस चालू करून ठेव', त्यानं सिस्टमसीटीएल स्टार्ट मारलं (सिस्टमसीटीएल म्हणजे लिनक्सवर सर्व्हिस, म्हणजे मागे चालणारे प्रोग्रॅम, सांभाळणाऱ्या सिस्टमडीला हुकूम द्यायची कमांड), मला एनेबल म्हणायचं होतं. त्या बिचाऱ्याची काय चूक, दोन्हीला आपण 'चालू'च म्हणतो. सॉफ्टवेअरच्या मराठीत एनेबलला 'सक्षम करा' असतं, पण ते वाचलं की सर्व्हिसला च्यवनप्राश चारल्यासारखं वाटतं. बरा शब्द सुचवा.

चोपडेकर : भो, शब्द आपल्या शेतातच आहे. स्टार्ट म्हणजे रोजंदारीचा माणूस, आज बोलावला, आज आला, उद्याचं काही बोलणं नाही. एनेबल म्हणजे सालदार. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ठरवला की वर्षभर रोज सकाळी तो आपणहून हजर, हाक मारायला नको. मशीनचं बूट होणं ही त्याची सकाळ. आत घडतं पण तसंच, एनेबल केलं की सर्व्हिसच्या फाइलची एक लिंक मल्टी-युजर टार्गेटच्या (बूट होताना गाठायच्या टप्प्याच्या) 'वॉन्ट्स' फोल्डरात पडते (बहुतेक सर्व्हिसची तिथंच), म्हणजे मुकादमाच्या, आपल्या सिस्टमडीच्या, वहीत नाव चढलं. फक्त लक्षात ठेवा, नाव चढवलं म्हणून तो आत्ता लगेच शेतात येत नाही, उद्या सकाळी येईल. आजही पाहिजे तर एनेबल डॅश डॅश नाऊ. तुमच्या पोराला हीच एक कमांड पाठ करायला लावा.

(कमांड देवनागरीत लिहितोय, कोणी तशाच टाइप करू नका.)

भुसावळकर : मग डिसेबल म्हणजे सालदार सोडला ना? मी केलं तरी पठ्ठं चालूच होतं.

चोपडेकर : वहीतून नाव काढलं, पण तो आज शेतात आहेच की. स्टॉप वेगळं मारावं लागतं, नाहीतर इथंही डॅश डॅश नाऊ.

धुळेकर : सालदार आवडला, पण माझं भांडण 'मास्क'शी आहे. एका ठिकाणी 'मुखवटा घाला' असं भाषांतर वाचलं आणि हसू आलं. मुखवटा घातलेला माणूस काम करतोच की! इथं तर उलटं, मास्क केलं की त्या नावाची लिंक थेट डेव्ह-नलकडे, म्हणजे काहीच नसलेल्या जागी, जाते, मग तुम्ही स्वतः स्टार्ट मारलं तरी ती सर्व्हिस उठत नाही. डिसेबल केलेली मात्र दुसऱ्या कोणी बोलावली तर येते. प्रिंटरचं कप्स घ्या, सर्व्हिस डिसेबल केली आणि त्याचं सॉकेट (हाक ऐकायचं दार) चालू राहिलं तर कोणी प्रिंट दिली की कप्स परत हजर, आणि आपण म्हणतो भुताटकी झाली. म्हणून माझ्या मते मास्क म्हणजे 'गावबंदी'. एक खोच आहे, तुम्ही स्वतः ईटीसीमधल्या सिस्टमडी फोल्डरात लिहिलेली फाइल असेल तर मास्क नकार देतं, कारण त्याला लिंक नेमकी तिथंच ठेवायची असते आणि जागा अडलेली.

यावलची : भुताटकीवरून आठवलं, या सर्व्हिसना डेमन म्हणतात ते 'सैतान'वाले नाहीत बरं का. १९६३ मध्ये एमआयटीच्या प्रोजेक्ट मॅकमधल्या लोकांनी हा शब्द घेतला, तो भौतिकशास्त्रातल्या मॅक्सवेलच्या डेमनवरून, जो न थकता एकेक रेणू वेगळा करत बसतो. मूळ ग्रीक शब्दातही चांगलं-वाईट ठरलेलं नाही. एसएसएचडी, क्रॉनडी, सिस्टमडी यांच्या शेवटचा 'डी' तोच. म्हणून मी त्याला भूत नाही म्हणत, बांधावरचा म्हसोबा म्हणते, कोणाला दिसत नाही पण राखण चालू.

भुसावळकर : म्हसोबा रिस्टार्ट करायचा म्हणजे कोंबडं लागेल 😄

यावलची : रिस्टार्टच कशाला, आधी रिलोड करून बघा ना. रिस्टार्टमध्ये जुनी प्रोसेस मरते, नवी जन्मते, मधे जोडलेली माणसं तुटू शकतात. रिलोडमध्ये चालत्या माणसाला बांधावरून सांगायचं की आज या वाफ्याला नको, त्या वाफ्याला पाणी दे. एंजिनएक्स या वेब सर्व्हरला चालतं, पण प्रत्येक सर्व्हिसला ही सोय नसते, म्हणून रिलोड-ऑर-रिस्टार्ट अशी एक जोडकमांड आहे, जमलं तर रिलोड नाहीतर रिस्टार्ट. आणि डेमन-रिलोड हे तिसरंच! नावावरून वाटतं डेमन रिलोड होईल, पण त्यानं फक्त सिस्टमडी युनिट फाइली (सर्व्हिस कशी चालवायची ते लिहिलेल्या) परत वाचतो, तुमची सर्व्हिस जागची हलत नाही. मुकादमानं वही पुन्हा वाचली एवढंच, त्यातला बदल कामावर दिसायला रिस्टार्ट लागतंच. या एका नावानं माझी एक अख्खी दुपार खाल्लीय.

धुळेकर : जर्नलला, म्हणजे सिस्टमडी ठेवतो त्या नोंदींना, काय म्हणता? मी रोजकीर्द म्हणते, वडील दुकानात लिहायचे तीच. जर्नलसीटीएल डॅश यू आणि सर्व्हिसचं नाव, म्हणजे त्या एका खात्याच्या नोंदी. डॅश एफ लावलं की नवी नोंद पडेल तशी समोर येते. जळगावकर, तुमच्या लाइट गेलेल्या दिवसासाठी डॅश बी आणि उणे एक, म्हणजे आधीच्या बूटचं पान. पण व्हॅर-लॉगमध्ये जर्नल नावाचं फोल्डर नसेल तर काही मशीनवर रोजकीर्द नुसती मेमरीत असते, लाइटीबरोबर पानं पण गेली. फोल्डर आहे का ते आधी बघा.

जळगावकर : मना डोकामा आते उजेड पडना! फोल्डर आहे. इझ-एनेबल्ड विचारलं तर डेटाबेस अजूनही 'डिसेबल्ड'च सांगत होता, काल मी गडबडीत परत स्टार्टच मारलं होतं. म्हणजे त्या पोराला बोलून आलो ते उगाच. आत्ता फोनवर त्याला म्हटलं, 'याला साल धर', तर तो म्हणतो, 'आखाजीला वेळ आहे ना दादा.'